अब्राहामाच्या हातातली सुरी: बळीचं जुनं चित्र कसं वाचावं

सन १५०० ते १७०० या काळात युरोपातल्या चित्रकारांनी आणि छाप (कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर उमटवलेली चित्रं) काढणाऱ्यांनी बायबलमधली काही दृश्यं पुन्हा पुन्हा हाताळली. देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेला म्हातारा बाप अब्राहाम, वेदीवर मुलगा इसहाक, उगारलेली सुरी आणि ऐन क्षणी थांबवायला आलेला देवदूत हे त्यांतलं एक. गोष्ट बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे चित्रासमोर उभं राहिलं की लोक गोष्टच सांगत सुटतात आणि चित्र बघायचं राहून जातं. इथे दिलेली पद्धत कलेच्या विद्यार्थ्यांसाठी, वारसा-फेऱ्या काढणाऱ्यांसाठी आणि चर्चच्या पॅरिशमध्ये किंवा कॉलेजात या विषयावर बोलायची वेळ येते त्यांच्यासाठी आहे. एका चित्राला साधारण तास-दीड तास द्यावा लागतो.

पद्धतीचं सूत्र साधं आहे. चित्रात जे दिसतं पण मजकुरात नाही, तिथे कुणीतरी अर्थ लावलेला असतो. आपल्याला तोच हुडकायचा आहे.

आधी मजकूर, मग चित्र

मराठी बायबल उघडून उत्पत्तीचा २२वा अध्याय काढा आणि पहिली १९ वचनं वाचा. आठवणीवर जाऊ नका. आठवणीत चित्रपट, नाटुकली आणि रविवारच्या शाळेतली रंगीत पुस्तकं मिसळलेली असतात. कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे वचनाचा आकडा आणि त्यात जे प्रत्यक्ष घडतं तेवढंच लिहा. वचन ३: पहाट, गाढव, दोन चाकर, फोडलेली लाकडं. वचन ५: चाकर आणि गाढव मागे थांबतात. वचन ६: लाकडं इसहाकाच्या अंगावर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. वचन ७: मुलगा विचारतो, होमासाठी कोकरू कुठे आहे? त्याच्या तोंडी एवढंच बोलणं आहे. वचन ९: वेदी, रचलेली लाकडं, बांधलेला मुलगा. वचन १०: हात पुढे होतो, सुरी घेतली जाते. वचन ११: देवदूत आकाशातून हाक मारतो, नाव दोनदा घेऊन. वचन १३: मागे एडका, शिंगं झुडपात अडकलेली.

आता मजकुरात काय नाही तेही डावीकडेच, खाली लिहून ठेवा. इसहाकाचं वय नाही. त्याचा चेहरा कसा झाला ते नाही. त्याचे कपडे उतरवले का, ते नाही. त्याची आई सारा कुठे होती ते नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देवदूत अब्राहामाला हात लावत नाही. तो फक्त हाक मारतो. ही शेवटची नोंद टाळलीत तर पुढचं निम्मं काम फुकट जाईल.

मराठी वाचकाच्या हाताशी आणखी एक चीज आहे, ती सोडू नये. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) पाद्री थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली तिथल्या रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या करारातल्या कथा ओव्यांत आहेत. हे दृश्य रंगवणाऱ्या इटालियन चित्रकार कारावाज्जोनंतर जेमतेम दशकभराने आणि डच चित्रकार रेम्ब्रांटच्या आधी दोन दशकं, म्हणजे नेमक्या याच काळात, मराठीत लावलेला हा अर्थ आहे. १९९६ साली मुंबईत त्याची देवनागरी आवृत्ती निघाली. अब्राहामाचा भाग त्यातून वाचा आणि मूळ वचनांपेक्षा ओव्यांत काय वाढलंय त्याच्यावर पेन्सिलने खूण करा. चित्राशी जे करायचंय त्याची ही उत्तम तालीम होते.

प्रतिमा कुठली घ्यावी

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली घेऊ नये. दाबून लहान केलेल्या फाइलीत छापातल्या बारीक रेघा एकमेकींत विरघळतात आणि सावलीचा नुसता डाग उरतो. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराच्या फाइली फुकट उतरवता येतात. रेम्ब्रांटचा १६५५चा अम्लछाप (एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरचा छाप) दोन्हीकडे आहे. तो उंचीला साधारण साडेपंधरा सेंटिमीटर आणि रुंदीला तेरा, म्हणजे तळहातापेक्षा जरासा मोठा. मूळ आकारात छापून घ्यायचा तर फाइलीची उंची किमान १,८५० पिक्सेल हवी (३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, या हिशेबाने). मुंबईच्या फोर्टातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे मॅट कागदावर लेझर प्रिंट काढा आणि मशीन ‘फोटो’वर ठेवायला सांगा. ‘टेक्स्ट’वर राहिलं तर करडे भाग उडून जातात आणि अब्राहामाच्या डोळ्यांच्या जागी काळी भोकं दिसतात. मग कुणीतरी त्यावर आंधळ्या श्रद्धेचा निबंध लिहितं. डोळे मुळातच गडद सावलीत आहेत हे खरं, पण ती सावली रेघांनी विणलेली आहे. पाच पट मोठं दाखवणारं साधं भिंग ठेवलं की ते कळतं.

रंगचित्रासाठी दुसरी तपासणी: प्रतिमा कापलेली तर नाही? उंची-रुंदीचं गुणोत्तर काढा. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमधलं रेम्ब्रांटचं १६३५चं चित्र साधारण १९३ × १३२ सेंटिमीटर आहे, म्हणजे उंची रुंदीच्या दीडपटीला थोडी कमी. फ्लोरेन्सच्या उफित्सीमधलं कारावाज्जोचं चित्र (१६०३च्या सुमाराचं) आडवं आहे, १०४ × १३५. तुमच्यासमोरची प्रतिमा चौरस असेल तर कडा छाटल्या आहेत. एडका, गाढव, चाकर ही मंडळी नेमकी कडेलाच असतात.

छाप असेल तर खालची ओळ वाचा. नावापुढे ‘इन्व्हेनिट’ असेल तर रचना त्याची, ‘पिंक्सिट’ असेल तर मूळ रंगचित्र त्याचं, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे पत्रा कोरणारा आणि ‘एक्सकुडिट’ म्हणजे प्रकाशक. तीन माणसं तीन गावांतली असू शकतात, त्यामुळे एकाच नावावर सगळं खपवू नका. शिवाय पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. सुरी डाव्या हातात दिसली तर तिचा गूढ अर्थ काढण्याआधी चित्र आरशात धरून बघा.

त्याच ओळीत वचनाचा संदर्भ लॅटिन बायबलातला असतो आणि तिथे मराठी वाचक हमखास फसतो. ‘१ रेग.’ म्हणजे मराठीतलं १ राजे नव्हे, तर १ शमुवेल. स्तोत्रांचा आकडाही बहुतेक ठिकाणी एकाने मागे असतो. भग्न हृदयाचा यज्ञ सांगणारं आपलं ५१वं स्तोत्र तिकडे ५०वं आहे.

हातापासून सुरुवात

चेहऱ्यांकडे आधी गेलात तर भावनेत अडकाल. पहिल्यांदा सगळे हात मोजा आणि प्रत्येक हात कशाला लागलाय ते उजव्या रकान्यात लिहा.

रेम्ब्रांटच्या १६३५च्या चित्रावर हे करून पाहू. अब्राहामाचा एक हात मुलाच्या तोंडावर आहे. साधा टेकलेला नाही, पंजाने अख्खा चेहरा दाबून मान मागे ताणलेली आहे, त्यामुळे गळा उघडा पडलाय. इसहाकाचे हात पाठीमागे बांधलेले. अब्राहामाचं दुसरं मनगट देवदूताने पकडलंय, आणि सुरी हातातून सुटून हवेत आहे. ती अजून खाली पडलेली नाही. आता डावा रकाना बघा. चेहरा झाकणं मजकुरात नाही, मनगट धरणं नाही आणि सुरी सुटणंही नाही. बांधलेला मुलगा तेवढा वचन ९ मधून सरळ आलाय. म्हणजे चार नोंदींपैकी तीन चित्रकाराच्या (किंवा त्याने पाहिलेल्या चित्रांच्या) पदरच्या. दोनदा मारलेली हाक रंगात दाखवता येत नाही, म्हणून ती मनगटावरची पकड झाली. म्युनिकला याच चित्राची दुसरी आवृत्ती आहे. तिच्यावर रेम्ब्रांटने बदलून वरून रंगवल्याची १६३६ सालची नोंद आहे आणि देवदूताची जागा वेगळी आहे. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या की देवदूत कुठून येतो यावर अर्थ किती हलतो ते दिसतं.

देवदूताचा स्पर्श रेम्ब्रांटने शोधलेला नाही. फ्लोरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी १४०१ साली स्पर्धा झाली, तिचा विषयच हा होता. गिबर्टी आणि ब्रुनेलेस्की या स्पर्धकांचे ब्राँझचे नमुने आज फ्लोरेन्सच्याच बार्जेल्लो संग्रहालयात आहेत. गिबर्टीचा देवदूत हवेतून नुसता हात पुढे करतो, ब्रुनेलेस्कीचा मनगट धरतो. तेव्हापासून हे दोन रस्ते आहेत आणि कुठलंही चित्र घेतलं तरी ‘हाक की पकड’ हा प्रश्न पहिला विचारावा. कारावाज्जोचा देवदूत आकाशातून येतच नाही. तो जमिनीवर, बापाच्या शेजारी आहे. एका हाताने मनगट धरून दुसऱ्याने एडका दाखवतोय, आणि एडकाही झुडपात नाही, मुलाच्या डोक्याशी येऊन उभा आहे. इसहाकाचं तोंड किंचाळण्यासाठी उघडलेलं आहे. ते पाहून ‘मुलाने आनंदाने मान दिली’ हे वाक्य लिहायचं धाडस कुणी करू नये.

इसहाकाच्या वयाची नोंद वेगळी करा. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस त्याला २५ वर्षांचा म्हणतो, रब्बींच्या परंपरेत ३७ वर्षांचाही आहे. जोसेफसच्या कथेत मुलगा स्वतः पुढे होतो, त्याला बांधल्याचा उल्लेख नाही. त्याचं पुस्तक या काळात भाषांतरांतून खूप वाचलं जाई. रेम्ब्रांटच्या १६५६च्या मालमत्तेच्या यादीत त्याची सचित्र जर्मन प्रत आहे. तेव्हा १६५५च्या छापात इसहाक न बांधलेला, गुडघ्यावर बसलेला दिसतो आणि देवदूत मागून दोन्ही हातांनी बापाला कवळतो, तेव्हा फक्त उत्पत्तीकडे बोट दाखवून भागत नाही. लहान पोर, पोरगेला तरुण की बाप्या, एवढं ठरवलं तरी चित्रकार कुणाचं ऐकतोय याचा माग लागतो.

बाकीच्या गोष्टी भराभर उरकता येतात. लाकडं: पाठीवर मोळी असेल तर क्रूस वाहणाऱ्या येशूची छाया, आणि ती आडवी-उभी रचली असेल तर संशयाला जागाच नाही. एडका: काटेरी झुडपात असेल तर काट्यांचा मुकुट; हा अर्थ ऑगस्टीनसारख्या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितांपासून चालत आलाय. वेदी: कोरीव रोमन दगडाची असेल तर चित्रकाराला पुरातन वस्तूंची हौस, धर्मशास्त्राशी संबंध असेलच असं नाही. सुरीऐवजी तलवार असेल तर ती लांबून दिसावी म्हणूनही असते. चित्र उंचावर लावायचं होतं का ते शोधा. इटालियन चित्रकार टिशियनचं १५४०च्या दशकातलं चित्र छतासाठी होतं (आता व्हेनिसच्या सांता मारिया देल्ला सालूते चर्चमध्ये आहे). फोनवर त्यातल्या आकृती बेढब वाटतात. फोन डोक्यावर धरून खालून बघा, अंगं जागेवर येतात.

चित्र कुणाच्या बाजूचं?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि बहुतेक जण चुकीच्या टोकाने सोडवतात. सोळाव्या शतकात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं भांडण दोन मुद्द्यांवर होतं. पहिला: माणूस श्रद्धेने नीतिमान ठरतो की कृतीने? बायबलातल्या रोमकरांस पत्राचा ४था अध्याय अब्राहामाची श्रद्धा पुढे करतो. याकोबाचं पत्र २:२१ म्हणतं, वेदीवर मुलगा अर्पण केला तेव्हा तो कृतीने नीतिमान ठरला. एकच माणूस दोन्ही बाजूंचा साक्षीदार. दुसरा: मिस्सा (चर्चमधली भाकर-द्राक्षारसाची उपासना) हा खरोखर यज्ञ आहे का? प्रोटेस्टंट बाजूच्या ल्यूथरने १५२० साली नाही म्हटलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १७ सप्टेंबर १५६२च्या बैठकीत ठामपणे हो म्हटलं. मिस्साच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेत जुन्या करारातल्या हाबेल, अब्राहाम आणि मलकीसदेक या तिघांची अर्पणं एकत्र येतात. म्हणून हे तिघे एका चौकटीत किंवा एका भिंतीवर दिसले की विषय मिस्सा आहे असं समजायला हरकत नाही. एकटा अब्राहाम दिसला तर ते सांगता येत नाही.

उलट्या टोकाने म्हणजे असं: रक्त दिसलं, नाट्य दिसलं, ठोका कॅथलिकचा शिक्का. हे चालत नाही. रेम्ब्रांटचं १६३५चं चित्र प्रोटेस्टंट अ‍ॅमस्टरडॅममधलं आहे आणि त्यात नाट्याची काही कमतरता नाही. छाप तर दोन्ही गोटांत विकले जात. शिक्का मारायचाच तर चित्र कुणी मागवलं आणि कुठे लावलं यावरून मारा. कारावाज्जोचं चित्र माफेओ बार्बेरिनीसाठी होतं, जो पुढे पोप आठवा अर्बन झाला. अँटवर्पच्या जेझुइट चर्चसाठी चित्रकार रूबेन्सशी १६२० साली ३९ छतचित्रांचा करार झाला, त्यात इसहाकाचं चित्र जुन्या-नव्या कराराच्या जोड्यांत बसवलेलं होतं. ही छतचित्रं १७१८च्या आगीत गेली, पण त्यांची रचना कळते. प्रोटेस्टंट बाजूचा चोख पुरावा हवा असेल तर प्रोटेस्टंट धर्मपंडित थिओडोर बेझाचं १५५० सालचं अब्राहामावरचं नाटक घ्या. त्यात सैतान मठवाशाच्या झग्यात येतो. इतकं सरळ चित्रात क्वचितच मिळतं.

भलताच बळी

बैल, कुऱ्हाड आणि हार दिसले तर अब्राहाम विसरा. इटालियन चित्रकार राफाएलच्या १५१५-१६च्या मोठ्या आराखड्यात (लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात) लुस्त्र गावचे लोक पौल आणि बर्णबा या ख्रिस्ती प्रेषितांना देव समजून बैल कापायला निघालेत आणि पौल आपली वस्त्रं फाडतोय. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४. हा आराखडा विणकामासाठी होता, त्यामुळे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या गालिच्यात तो उलटा येतो. डफ घेऊन समोर येणारी मुलगी आणि हादरलेला योद्धा बाप असेल तर ती बापाच्या नवसापायी बळी जाणारी इफ्ताहाची लेक, बायबलातलं शास्ते ११. तिच्या बाबतीत एडका येत नाही.

स्पॅनिश चित्रकार थुरबारानचं कोकरू मात्र सावकाश बघा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं चित्र जेमतेम ३७ × ६२ सेंटिमीटर. काळी पार्श्वभूमी, करडी फळी, चारही पाय एकत्र बांधलेलं मेंढरू, लोकरीची एकेक वळी दिसते. वेदी नाही, माणूस नाही, सुरी नाही. प्रभामंडळही नाही, सान डिएगोच्या आवृत्तीत मात्र ते आहे, शिवाय लॅटिन अक्षरंही. अक्षरं नसलेल्या प्रतीला ‘फक्त मेंढरू’ म्हणावं की ‘देवाचं कोकरू’ (म्हणजे येशू), याचं उत्तर चित्रात नाही. दुसरी आवृत्ती दाखवून सांगावं लागतं.

आपल्याकडच्या वाचकाची म्हणून एक खास चूक. जत्रेतला बोकड डोळ्यांसमोर असतो: कापला, शिजवला, पंगत बसली. बायबलातल्या लेवीय या पुस्तकात तसं अर्पणही आहे. शांत्यर्पणाचं मांस अर्पण करणाराही खातो, आणि उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवावं लागतं (७:१५). पण अब्राहामाला सांगितला होता होमबली. त्यात कातड्याखेरीज सगळं जळतं, कुणाच्या ताटात काही येत नाही. चित्रात लाकडांचा ढीग मोठा का, विस्तवाचं भांडं का, हे त्यावरून समजतं.

इब्राहीमचं चित्र

इस्लाममध्ये अब्राहाम म्हणजे इब्राहीम. इराणी आणि तुर्की हस्तलिखितांत हेच दृश्य कुराणाच्या ३७व्या सूऱ्यावरून (आयत १०२ ते १०७) येतं, आणि तिथे मुलाचं नाव नाही. नंतरच्या परंपरेत तो बहुधा इस्माईल मानला गेला. तबरीसारखा जुना भाष्यकार इसहाकच्या बाजूचा होता. तेव्हा खाली नाव लिहिताना घाई करू नका. ओळखायची खूण: एडका झुडपात नसतो, देवदूत जिब्रील तो घेऊन वरून उतरतो. डोक्यामागे ज्वाळेसारखं तेज असतं. आयतीत मुलाला कपाळावर पालथं घातल्याचं आहे, त्यामुळे तो उताणा आहे की पालथा हेही लिहून ठेवा.

मुंबईत कुठे जायचं

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांच्या दालनात अब्राहाम हुडकत बसू नका. अँटवर्पला १५६८ ते १५७२ दरम्यान छापलेलं आठ खंडांचं बहुभाषी बायबल १५८० साली जेझुइटांनी फत्तेपूर सिक्रीला अकबरासमोर ठेवलं. त्यानंतर केसू दास, बसावन अशा मुघल चितेऱ्यांनी युरोपी छापांतून काय काय उचललं, हे पाहायला या दालनात जा: धूसर होत जाणारी दूरची गावं, कपड्यांच्या चुण्यांतली सावली, ढगांतून डोकावणारे पंखवाले. नोंदी पेन्सिलनेच करा. तिथून चालत काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये जाता येतं (ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाकावं). तिथे माणसांच्या आकृती नसतात, पण ज्यू नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी हाच २२वा अध्याय वाचला जातो आणि एडक्याचं शिंग फुंकलं जातं. चर्चमधल्या रंगीत काचांपाशी मात्र सावध राहा. मुंबईतल्या बहुतेक काचा एकोणिसाव्या शतकातल्या किंवा नंतरच्या, अफगाण चर्चच्यासुद्धा. सोळाव्या शतकातल्या वादाचे पुरावे म्हणून त्या वापरू नयेत.

ओळख लिहिताना

चित्राखाली लावायची ओळख साठ-सत्तर शब्दांत बसवा. आधी क्षण आणि वचन, मग मजकुरात नसलेल्या दोनच गोष्टी, मग त्या कुठून आल्या असाव्यात ते. ‘कारावाज्जोला म्हणायचंय की’ अशी सुरुवात नको, त्याने लिहून ठेवलेलं नाही. कुणी मागवलं, कोणत्या साली आणि कुठे लावलं होतं, हे माहीत असेल तर शेवटच्या ओळीत द्या. माहीत नसेल तर ती ओळ गाळा आणि फक्त माप लिहा, उंची आधी, रुंदी नंतर.